अंमल, अंमलदार आणि कामगार: एका अरबी धातूचा लालबागपर्यंतचा प्रवास

(दादर येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आज मी एकाच धातूवर बोलणार आहे. धातू म्हणजे लोखंड-तांबं नव्हे, व्याकरणातला धातू. आणि तोसुद्धा संस्कृतचा नाही, अरबीचा. तुमच्यातले काहीजण म्हणतील, दादर-परळच्या माणसाला अरबी धातूशी काय देणंघेणं? म्हणून आधी एक छोटी चाचणी घेऊ.

गिरणी कामगाराचा एक दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी भोंगा झाला, तो खात्यात हजर झाला, हजेरी लागली. मुकादमानं काम नेमून दिलं. कुणी रजेवर होता, त्याच्या जागी बदली लावला. कुणाची तक्रार होती, ती साहेबांकडे गेली. साहेबांनी रजा मंजूर केली किंवा केली नाही. संध्याकाळी पठाण दारात उभा, व्याजाच्या वसुलीला.

आता यातले शब्द मोजा. हजर, हजेरी, मुकादम, रजा, बदली, तक्रार, साहेब, मंजूर, वसुली. नऊच्या नऊ मुळात अरबी. मुकादम म्हणजे ‘पुढे ठेवलेला’. रजा म्हणजे मूळ अर्थानं ‘संमती’. राजी आणि राजीनामा हे तिचेच भाऊबंद. आणि तक्रार म्हणजे अरबीत ‘पुनरावृत्ती’, तेच तेच पुन्हा सांगणं. ज्यानं कधी ऑफिसात तक्रार नेली आहे, त्याला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. (हशा)

तेव्हा प्रश्न ‘अरबीशी काय संबंध’ असा नाही. प्रश्न असा, की हे शब्द आले कुठून, कुणाबरोबर आले, आणि आल्यावर कुणाच्या बाजूला उभे राहिले. त्यासाठी मी एकच धातू निवडला आहे: ऐन, मीम, लाम. म्हणजे अ-म-ल. अर्थ अगदी साधा, काम करणे.

ताणा आणि बाणा

अरबी शब्द कसा बनतो ते आधी पाहू. या भागातल्या लोकांना ते पटकन कळेल, कारण ते विणकामासारखं आहे. मागावर उभे धागे ताणून बसवतात तो ताणा. त्यातून धोटा इकडून तिकडे फिरतो तो बाणा. अरबीत तीन व्यंजनं म्हणजे ताणा. ती हलत नाहीत. त्यांच्यामधून स्वर आणि काही ठरावीक उपसर्ग फिरतात, तो बाणा. ताणा एकच, पण बाणा बदलला की कापड बदलतं.

अ-म-ल घेऊ. नुसतं ‘अमल’ म्हणजे कृती, काम. ‘आमिल’ म्हणजे काम करणारा. ‘मामूल’ म्हणजे केलं जाणारं, करण्याच्या वहिवाटीतलं. ‘मुआमला’ म्हणजे दोघांनी एकमेकांशी केलेलं काम, अर्थात व्यवहार. ‘मामल’ म्हणजे काम करण्याची जागा. आजच्या अरबीत प्रयोगशाळेला आणि कारखान्यालाही हा शब्द आहे. ‘इस्तेमाल’ म्हणजे कामाला लावणं, वापरणं. तो हिंदीतून आपल्या ओळखीचा आहे.

हे साचे दुसऱ्या धातूंनाही तसेच लागतात. नजर म्हणजे पाहणं. पाहणारा तो नाजिर, म्हणजे आपल्या कोर्टातला नाझर. आणि पाहिलं गेलेलं ते मंजूर. म्हणजे ‘अर्ज मंजूर’ याचा मूळ अर्थ ‘अर्ज नजरेखालून गेला’. अंमलाशी मामूलचं जे नातं, तेच नजरेशी मंजूरचं. एवढं लक्षात ठेवलं तरी मराठीतले पन्नासएक शब्द नात्यागोत्यासकट ओळखता येतात.

एक सावधगिरी मात्र बाळगायची. आवाज सारखा म्हणून नातं जुळवायचं नाही. संस्कृतात अमल म्हणजे मळ नसलेलं, निर्मळ. त्याचा इथे काही संबंध नाही. अरबीतच ‘अमल’ नावाचा दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ आशा. मुलींचं नाव ठेवतात ते हे. तो अलिफनं सुरू होतो, आपला ऐननं. ऐन हा घशातून काढायचा वर्ण. फारसी माणसानं तो घशातून काढणं सोडून दिलं, आणि आपल्यापर्यंत येताना सगळ्याचाच ‘अ’ झाला.

अरबी शब्द, फारसी गाडी

फारसी माणूस मधे आला, ते महत्त्वाचं आहे. हे शब्द अरबस्तानातून गलबतात बसून थेट गिरगावच्या किनाऱ्याला लागले असं नाही. १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झालं, पुढे त्याची शकलं झाली, अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही. या दरबारांची लिखापढीची भाषा फारसी. आणि फारसीनं अरबी शब्द पोत्यानं उचलले होते. म्हणजे माल अरबी, गाडी फारसी, आणि उतरवून घेतला देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांच्या दप्तरात.

याची एक खूण शब्दातच दिसते. अरबी ‘मुआमला’ या शब्दाच्या शेवटी एक अर्धवट ‘त’ असतो, कधी ऐकू येतो, कधी नाही. फारसीनं दोन्ही रूपं ठेवली. म्हणून मराठीत एकाच शब्दाची दोन लेकरं दिसतात: मामला आणि मामलत. मामला म्हणजे प्रकरण. मामलत म्हणजे महसुलाचा मुलूख. ती सांभाळणारा मामलतदार, बोलण्यात मामलेदार.

आता बघा गंमत. धातूचा अर्थ काम करणे. पण आपल्याकडे आलेले शब्द कुठले? अंमल म्हणजे सत्ता. अंमलदार म्हणजे अधिकारी. मामलेदार म्हणजे तालुक्याचा धनी. काम करणाऱ्याला यातला एकही शब्द मिळाला नाही. जो काम करवून घेतो, त्यालाच सगळे मिळाले.

हे काही फक्त दख्खनमध्ये झालं नाही. कुराणात जकातीतून कुणाकुणाला वाटा द्यावा याची यादी आहे. तिच्यात जकातीचं काम करणारे, म्हणजे ती गोळा करणारे ‘आमिलीन’ आहेत. पुढे खिलाफतीच्या काळात आमिल म्हणजे प्रांताचा किंवा वसुलीचा अधिकारी झाला. मोगलांकडे आमिल महसूल जमा करायचा. म्हणजे काम करणारा, मग सरकारचं काम करणारा, मग सरकार. तीन पायऱ्यांत माणूस शेतातून गादीवर गेला. आणि जकात हा शब्दही बघा: धर्मानं सांगितलेलं दान मुंबईच्या नाक्यावर ट्रक अडवणारा कर झालं, आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो नाकाच गेला.

हटवलेला आणि उरलेला

हे शब्द परके आहेत, हे आपल्या लोकांना पूर्वीच जाणवलं होतं. शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास राज्यव्यवहारकोश करवून घेतला. राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द, विषयवार वर्ग पाडून दिलेले. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या पत्रांतले शब्द मोजून दाखवले आहेत: १६३० च्या सुमाराच्या पत्रात फारसी शब्द ८० टक्क्यांहून जास्त, १६७७ च्या पत्रात ते ३७ टक्क्यांच्या आसपास. हा फरक लहान नाही.

पण मग झालं काय? पेशवाईत प्रधानाला लोक पेशवाच म्हणत राहिले. तालुक्यावर मामलतदार आणि कमाविसदारच बसले. इंग्रज आले तरी मुंबई इलाख्यात मामलेदार कायम. १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आजही लागू आहे; शेताच्या वाटेवरून भांडण झालं, कुणी पाणी अडवलं, तर त्याच कायद्याखाली दावा लागतो. ऐकणारा अधिकारी मात्र आता तहसीलदार. म्हणजे मामलेदार गेला, पण त्याच्या खुर्चीवर बसला तोही अरबीच, ह-स-ल या दुसऱ्या धातूचा. हासील, महसूल, तहसील. मामलेदार उरला ठाण्याला, मिसळीच्या नावात. कचेरीशेजारची मिसळ म्हणून मामलेदार मिसळ. सत्ता गेली, रस्सा राहिला. (हशा)

दुसरी मोठी शुद्धीची लाट इथूनच, दादरहून, जोरात पुढे गेली. सावरकर १९३८ पासून शिवाजी पार्कला राहायला आले. त्यांचं भाषाशुद्धीचं काम त्याआधी रत्नागिरीतच सुरू झालं होतं. तारखेला दिनांक, हजरला उपस्थित, मेयरला महापौर. माधव जूलियनांची कथा तर अधिक बोलकी. फारसीचे अध्यापक, १९२५ मध्ये त्यांनी फार्शी-मराठी कोश केला, मराठीत गझल रुजवली. आणि त्याच माणसानं १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिलं. ज्याला घरातलं सामान कुठून आलं ते नेमकं ठाऊक, त्यालाच ते बाहेर काढावंसं वाटलं.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला. अधिकाऱ्यांच्या हुद्द्यांना मराठी नावं. त्या काळी लोकांनी चेष्टेनं त्याला बदनाम कोश म्हटलं. पण त्यातली पुष्कळ नावं रुळली हेही खरं.

आणि अंमल? तो हलला नाही. पोलीस ठाण्यात आजही आपण जातो ते ठाणे अंमलदाराकडे. सरकारी कागदावर आजही ‘पोलीस अंमलदार’ आहे. पण तो कोण? शिपाई, हवालदार, सहायक फौजदार. उपनिरीक्षक आणि त्यांच्यावरचे ‘अधिकारी’, आणि खालचे ‘अंमलदार’. म्हणजे एके काळी ज्या शब्दाला परगणा थरथरायचा, तो आज रात्रपाळीच्या हवालदाराच्या वाट्याला आला. शब्द पायऱ्या चढतात तसे उतरतातही.

चढतो तोही अंमलच

या धातूचं आणखी एक लेकरू आहे, जरा वाया गेलेलं. औषधाचा किंवा अफूचा शरीरावर होणारा परिणाम, त्याचं ‘काम’, तोही अमल. म्हणून ‘अंमल चढला’ आणि म्हणून अंमली पदार्थ. सत्ता आणि नशा यांना मराठीत एकच शब्द आहे, हे ऐकून लोक हसतात. पण मुंबईच्या इतिहासात ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती. कंपनीला त्यावर कर मिळायचा, व्यापाऱ्यांना नफा. सर जमशेटजी जीजीभाईंच्या संपत्तीत कापसाबरोबर या अफूचा मोठा वाटा होता. त्याच संपत्तीच्या दानातून भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय उभं राहिलं, पुढे कलाशाळाही. मी कुणाला दोष देत नाही. त्या रुग्णालयानं आमच्या घरातल्या माणसांनाही वाचवलं आहे. सांगायचं एवढंच, की या शहरात इंग्रजांचा अंमल पक्का व्हायला दुसऱ्या अंमलाचा पैसा लागला होता.

मामूल हा शब्द मात्र बिचारा. पेशवाईच्या कागदांत मामूल म्हणजे चालत आलेली वहिवाट. ‘मामूलप्रमाणे’ म्हटलं की विषय संपला, तो हक्कच. पण जे रोजचं ते साधं, आणि जे साधं ते क्षुल्लक. आज ‘मामुली’ म्हणजे किरकोळ. दक्षिणेत तेलुगू-तमिळ मुलखात याच मामूलचा अर्थ लाच असा झाला आहे. दर वेळी द्यावी लागते ती, रिवाजाची. आपल्याकडे त्याला फारसीतला हप्ता पुरला.

कामगार कोण होता?

आता मी मूळ प्रश्नावर येतो. अ-म-ल चे शब्द साहेबाच्या बाजूला गेले. मग कष्ट करणाऱ्याला मराठीनं काय म्हटलं? मजूर म्हटलं, तो फारसी. आणि कामगार म्हटलं.

कामगार हा शब्द आपल्याला इतका लालबाग-परळचा वाटतो, की तो लाल बावटा हातात घेऊनच जन्माला आला असं वाटावं. तसं नाही. यातलं ‘काम’ आपलं, प्राकृतातून आलेलं. ‘गार’ फारसी, गुन्हेगारात आहे तोच. आणि जुना अर्थ? महात्मा फुल्यांचा १८८३ चा ‘शेतकऱ्याचा असूड’ उघडा. त्यात कामगार जागोजागी भेटतात, पण ते कष्टकरी नाहीत! ते सरकारी नोकर आहेत. कचेरीतले ब्राह्मण अधिकारी हे कामगार, गोरे अधिकारी हेही कामगार. आज एखादा विद्यार्थी ते वाचताना चक्रावतो: फुले कामगारांवर एवढे का चिडलेत? तर ते कामगारांवर नाही, अंमलदारांवर चिडलेत. या जुन्या अर्थाचा एक अवशेष अजून जिवंत आहे. गावच्या जुन्या दाखल्यावरचा शिक्का कधी नीट बघा: ‘कामगार तलाठी’. तो गिरणीतला कामगार नव्हे. कामावर असलेला, हुद्द्यावरचा तलाठी.

मग अर्थ उलटला कधी? फुल्यांच्याच सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत ‘दीनबंधू’ चालवत होते. १८८४ च्या सप्टेंबरात परळला त्यांनी गिरणीतल्या लोकांची सभा घेतली. मागण्या काय? रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सूर्यास्ताला काम बंद, पगार वेळेवर, कामावर जखमी झाला तर भरपाई. साडेपाच हजारांच्या आसपास लोकांनी त्या अर्जावर सह्या-अंगठे केले. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. आणि १९२८ च्या मोठ्या संपात संघटना उभी राहिली तिचं नाव: गिरणी कामगार युनियन. १८८३ ते १९२८, पंचेचाळीस वर्षं. तेवढ्यात साहेबाचा शब्द कष्टकऱ्यानं घेतला.

आता दोन्ही वाटा शेजारी ठेवा. अरबीतला आमिल म्हणजे काम करणारा. तो चढत चढत अधिकारी झाला. मराठीतला कामगार म्हणजे अधिकारी; तो गिरणगावात येऊन काम करणारा झाला. एक शब्द खालून वर गेला, दुसरा वरून खाली आला. ‘खाली’ म्हणताना मी अडखळतो, कारण त्या शब्दाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती इथे आल्यावरच. हुद्द्यावरच्या कामगाराला कुणी हौतात्म्याच्या स्मारकावर कोरलं नाही. हुतात्मा चौकात मशाल धरलेले दोघे उभे आहेत, त्यातला एक शेतकरी आहे आणि एक कामगार.

शेजारचे काका आणि अमल

शेवटचं सांगतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले बरेच परत आत गेलेच नाहीत. आमच्या लालबागच्या चाळीत शेजारी एक काका होते, साच्यावर काम करणारे. दोन वर्षं वाट पाहून ते आखातात गेले, बांधकामावर. सुट्टीत आले की आम्हा पोरांना ओळखपत्र दाखवायचे. एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला अरबी. मी तेव्हा अरबी अक्षरं शिकायला नुकती सुरुवात केली होती. त्यांनी विचारलं, “काय रे, काय लिहिलंय इथं?” मी अक्षरं जुळवली. ऐन, मीम, लाम. म्हटलं, “काका, अंमल लिहिलंय.” ते हसून म्हणाले, “माझा अंमल? कुणावर?”

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. ते कामाचं ओळखपत्र होतं. तिकडच्या काही देशांत श्रम मंत्रालयाच्या नावातही अमल हाच शब्द असतो, आणि कामगार म्हणजे आमिल, अनेकवचनी उम्माल. एक मे ला अरबीत ‘ईद अल-उम्माल’ म्हणतात, कामगारांचा सण. तोच आपला महाराष्ट्र दिन. काका ज्या शब्दाला घाबरून वाढले, कोर्टाचा, पोलिसाचा, कचेरीचा शब्द, तो तिकडे त्यांचाच होता. इतकी शतकं आपण तो अर्धाच ऐकला होता.

हा नुसता शब्दांचा खेळ राहू नये, म्हणून एक गोष्ट जोडतो. ‘अंमलबजावणी’ हा शब्द आपण रोज वापरतो. अंमल अरबी, आणि बजावणी फारसीतून, ‘बजा आवर्दन’ म्हणजे पार पाडणं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते: एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती आली, आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती राहिली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. २०१२ मध्ये गिरणी कामगारांच्या घरांची मोठी सोडत निघाली, पण अर्ज करणारे लाखाच्या घरात होते. आजही म्हातारी माणसं मोर्चाला येतात आणि मागतात काय? नवा कायदा नाही मागत. अंमलबजावणी मागतात.

म्हणजे फिरून धातूपाशीच आलो. अंमल म्हणजे सत्ता नव्हे; अंमल म्हणजे केलेलं काम. कागदावर लिहिलं आणि केलं नाही, तर त्याला अरबीत अमल म्हणत नाहीत, आणि मराठीतही म्हणू नये. काका आता नाहीत. त्यांनी विचारलेलं ‘कुणावर?’ मी इतकी वर्षं बाळगून आहे. आज उत्तर द्यायचं तर म्हणेन, काका, कुणावर नाही. तो हुकूम नव्हताच. तुम्ही आयुष्यभर जे केलंत, त्याचंच ते नाव होतं.

पुढच्या वेळी ज-म-अ घेऊ: जमा, जमाव, जमात, जमाबंदी. तोवर घरचे जुने कागद काढून बघा, त्यात यातले कितीतरी पाहुणे बसलेले सापडतील.